पामुक्काले-हिएरापोलिस: एका दिवसाच्या गाइडेड सहलीत वेळ कुठे द्यावा?

वाटाड्या (६ ऑक्टोबर, रात्री ९:४०)

तुर्कस्तानला जाणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक मंडळींच्या वाट्याला पामुक्काले एका दिवसापुरतंच येतं. मुक्काम अंताल्याला नाहीतर कुशादासीला, पहाटे हॉटेलच्या दारात मिनीबस, रात्री उशिरा परत. आम्हीही असेच जाऊन आलो. निघण्याआधी इथे शोधाशोध केली तेव्हा पांढऱ्याशुभ्र कुंडांचे फोटो भरपूर सापडले, पण त्या कुंडांच्या माथ्यावर हिएरापोलिस हे अख्खं ग्रीक-रोमन शहर पसरलंय, त्याबद्दल दोन ओळींपलीकडे काही मिळालं नाही. म्हणून हा धागा. जायचंय त्यांनी प्रश्न विचारा, जाणकारांनी भर घाला.

आधी वेळेचा हिशेब, कारण सगळं तिथेच अडतं. अंताल्याहून एका बाजूला साडेतीन-चार तास, कुशादासी किंवा सेल्चुकहून साधारण तीन. म्हणजे दिवसातले सहा ते आठ तास गाडीतच जातात. वाटेत नाश्ता, जेवण, एखादं ऑनिक्सच्या वस्तूंचं किंवा कापडाचं दुकान. उरतात ते जेमतेम अडीच-तीन तास. त्यातले दोन तास लोक कुंडांच्या काठावर फोटो काढण्यात घालवतात आणि वर थिएटर बघायला धावत जातात.

माझं म्हणणं असं, की हे प्रमाण उलटं ठेवा. कुंडं सुंदर आहेतच, पण ती डोळ्यांना लगेच कळतात. शहर कळायला वेळ लागतो, आणि गाइडचे पैसे आपण त्यासाठीच दिलेले असतात. पाणी जमिनीतल्या ज्या भेगेतून वर येतं तिच्यावरच हे शहर उभं राहिलं, त्या पाण्यावर श्रीमंत झालं आणि त्याच भेगेच्या हालचालीने पुन्हा पुन्हा पडलं. हे एकदा डोक्यात बसलं की कुठलाही दगड सुटा वाटत नाही.

पर्गमॉनच्या राजांनी इ.स.पू. दुसऱ्या शतकात ते वसवलं. इ.स.पू. १३३मध्ये रोमकडे गेलं. इ.स. ६०च्या भूकंपात बरंचसं पडलं, त्यानंतर रोमन पद्धतीने पुन्हा बांधलं. आज दिसतं ते बहुतेक त्यानंतरचं. १३५४च्या भूकंपानंतर तिथे वस्ती अशी राहिली नाही. इटालियन पुरातत्त्वज्ञ १९५७पासून तिथे खणतायत. कुंडं आणि शहर मिळून १९८८ साली युनेस्कोच्या यादीत आलं.

आत जायला तीन दरवाजे आहेत: उत्तर, दक्षिण, आणि खालच्या पामुक्काले गावातून कुंडांवरून चढत जाणारा. चालता येत असेल तर उत्तरेकडूनच शिरा. आत गेल्यागेल्या कबरींचं शहर लागतं, नेक्रोपोलिस. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाराशेहून जास्त कबरी: काही घरासारख्या, काही मातीच्या ढिगाऱ्याखाली गोल चौथऱ्यावरच्या, काही नुसत्या दगडी पेट्या, झाकणं सरकलेली. आमच्या गटातल्या काहींना ‘कबरी काय बघायच्या’ असं झालं होतं, पण मला सगळ्या सहलीत हाच भाग सर्वांत जिवंत वाटला. फ्रॉन्टिनसच्या वेशीजवळ फ्लावियस झ्यूक्सिस नावाच्या व्यापाऱ्याची कबर आहे. दारावरच्या लेखात त्याने लिहून ठेवलंय की ग्रीसच्या दक्षिणेकडच्या मालेआच्या भूशिराला वळसा घालून आपण ७२ वेळा इटलीला जाऊन आलो. जहाजं बुडवण्याबद्दल कुप्रसिद्ध असलेलं ते टोक. माणसाने आयुष्यातली कुठली गोष्ट दगडावर कोरण्यालायक मानली, ते तिथे उभं राहून वाचताना अंगावर काटा येतो.

वेशीतून आत गेलं की तेरा-चौदा मीटर रुंद फरसबंद रस्ता. वेस बांधवून घेणारा फ्रॉन्टिनस इथला रोमन प्रांताधिकारी, पुढे तोच रोम शहराच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख झाला. याच गावात एपिक्टेटस हा तत्त्वज्ञ गुलाम म्हणून जन्मला. थिएटर डोंगराच्या उतारावर आहे, दहा-बारा हजार माणसं बसतील एवढं, आणि रंगमंचामागची कोरीव भिंत पुन्हा उभी केलेली आहे. सगळ्यात वरच्या रांगेपर्यंत चढा. तिथून शहर, कुंडांची कड आणि खालचं खोरं एका नजरेत येतं.

कुंडांवरून उतरणं शेवटी ठेवा. चपला-बूट काढून हातात धरावे लागतात, सोबत एखादी पिशवी असू द्या. कोरड्या जागी जमीन खरखरीत, बारीक लाटांच्या आकाराची, तळव्यांना चांगलीच टोचते. पाणी असेल तिथे चुन्याचा मऊ पांढरा गाळ बोटांच्या बेचक्यातून वर येतो. घसरतं ते त्या गाळावरच, म्हणून लहान मुलांचा हात सोडू नका.

---

मृण्मयी_ठाणे (६ ऑक्टोबर, रात्री १०:५५)

छान लिहिलंय. आम्ही एप्रिलमध्ये जातोय, सोबत सासूबाई आणि सासरे, दोघंही सत्तरीच्या पुढचे. सासूबाईंचे गुडघे दुखतात. अनवाणी चालणं त्यांना जमेलसं वाटत नाही. त्यांच्यासाठी काय करावं? आणि खरंच गाइड हवाच का? आम्ही देनिझलीपर्यंत, म्हणजे पामुक्कालेजवळच्या शहरापर्यंत, आपले आपण जाऊ शकतो.

---

वाटाड्या (७ ऑक्टोबर, सकाळी ७:२०)

ताई, सासूबाईंना घेऊन दक्षिण दरवाजाने जा. तिथून कुंडांची वरची कड, अँटिक पूल (पडक्या खांबांचा कोमट पाण्याचा पोहण्याचा तलाव) आणि संग्रहालय ही तिन्ही तुलनेने जवळ आहेत. आत पैसे देऊन बॅटरीवरच्या गाड्याही मिळतात, त्या उत्तर दरवाजापर्यंत कबरींकडे नेऊन आणतात. कड तर त्या वरूनच बघू शकतील; उतरून खाली गावापर्यंत चालत जायची काही सक्ती नाही. टूरवाल्याला आधीच सांगून ठेवा की गाडी परत वरच्याच दरवाजाशी यायला हवी. काही गाड्या माणसांना वर सोडतात आणि खाली गावात जाऊन थांबतात.

गाइडबद्दल लेखवेडी सांगेल, ती येतेच इथे.

---

काळा_कातळ (७ ऑक्टोबर, सकाळी ९:१५)

भूगर्भशास्त्र शिकवतो, म्हणून पाण्याबद्दल थोडं.

त्या भागात जमिनीखाली चुनखडी आहे. पावसाचं पाणी खोल मुरतं, तापतं, आणि कार्बन डायऑक्साइडमुळे थोडं आम्लधर्मी होऊन वाटेतली चुनखडी विरघळवून घेतं. भेगेतून वर आलं की दाब उतरतो, वायू उडून जातो, आणि विरघळलेला चुना पाण्यात राहू शकत नाही. आधी तो लिबलिबीत साका बनून बसतो, मग कडक होतो. हाच तो ट्रॅव्हर्टाइन. कुंडाच्या काठावरून पाणी पातळ थराने सांडतं तिथे वायू सर्वांत जास्त उडतो, म्हणून काठ भराभर उंच होतात आणि कुंड आपोआप तयार होतं. कुणी बांधलेलं नसतं. परिसरात १७ झरे आहेत, तापमान ३५ अंशांपासून थेट उकळत्यापर्यंत. पर्यटक पाय बुडवतात ते पाणी ३५-३६ अंशांचं.

दरवर्षी विद्यार्थी विचारतात की आपल्या कोकणात एवढे गरम झरे आहेत, मग तिथे अशी पांढरी कुंडं का नाहीत. आपल्याकडे पालघरजवळच्या कोकनेरपासून गणेशपुरी-वज्रेश्वरी, पालीचं उन्हेरे, उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी ते राजापूरपर्यंत किनाऱ्याला समांतर झऱ्यांची ओळच आहे. काहींचं पाणी तर पामुक्कालेच्या कुंडांपेक्षा कितीतरी जास्त कढत आहे, उन्हवऱ्याचं सत्तर अंशांच्या आसपास. पण आपला खडक बेसॉल्ट. पाण्याला विरघळवून आणायला चुनखडीच नाही, मग साठणार काय? उष्णता तिथेही आहे, इथेही आहे. फरक वाटेतल्या खडकाचा.

---

सागरगोटा (७ ऑक्टोबर, दुपारी १:३०)

माझा अनुभव वेगळा आहे, तोही नोंदवतो. आमची फार निराशा झाली. फोटोत निळ्या पाण्याने भरलेली शेकडो कुंडं दिसतात, प्रत्यक्षात अर्ध्याहून जास्त कोरडी होती, आणि चालायला सोडतात ती कुंडं तर सरळ सरळ बांधलेली वाटली. टूर कंपनीने आम्हाला दुकानात तासभर बसवलं आणि जागेवर दीड तास दिला. एवढ्या लांब येऊन कोरडा चुना बघायचा हे पटलं नाही.

---

काळा_कातळ (७ ऑक्टोबर, दुपारी ३:०५)

सागरगोटा, तुमचं निरीक्षण बरोबर आहे, आणि त्यामागे कारण आहे. विसाव्या शतकाच्या मध्यात कुंडांच्या माथ्यावर, चक्क अवशेषांवर हॉटेलं बांधली होती. खालून वर येणारा गाडीरस्ता कुंडांवरूनच काढला होता. पांढरेपणा जायला लागला तो त्या काळात. युनेस्कोच्या यादीत आल्यावर हॉटेलं पाडली, रस्ता उखडला आणि त्याच्या जागी कृत्रिम कुंडं केली. तुम्ही चाललात ती हीच. लोकांना तिथे चालू देतात ते बाकीचा उतार वाचावा म्हणून.

कोरडेपणाचंही तसंच. पाणी सतत एकाच जागी सोडलं तर शेवाळ धरतं आणि रंग हिरवा-करडा होतो. म्हणून पाळीपाळीने पाणी सोडतात. मधल्या काळात ऊन लागून चुना वाळतो, घट्ट होतो, पांढरा राहतो. आज कोरडं दिसलेलं कुंड मेलेलं नसतं, त्याची पाळी नसते. टूर कंपन्यांनी हे आधीच सांगायला हवं, ही तुमची तक्रार मात्र शंभर टक्के मान्य.

---

लेखवेडी (७ ऑक्टोबर, रात्री ८:५०)

वाटाड्याने नाव घेतलं म्हणून नाही, हा विषय माझ्या जिवाचा आहे म्हणून लिहिते.

मृण्मयी, कुंडांसाठी गाइड लागत नाही. प्लुटोनियनसाठी लागतो. अपोलोच्या मंदिराजवळ एक छोटं दगडी दार आहे, त्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. प्राचीन लोकांसाठी ते पाताळाचं दार. स्ट्रॅबो हा भूगोलकार दोन हजार वर्षांपूर्वी तिथे गेला होता. त्याने लिहून ठेवलंय की आत नेलेले बैल मरून पडत, त्याने स्वतः चिमण्या सोडल्या त्या लगेच मेल्या, पण सिबेली देवीचे षंढ पुजारी आत जाऊन जिवंत परत येत. कित्येक शतकं लोकांना ही दंतकथा वाटत होती. २०१३ साली इटालियन पथकाने जागा सापडल्याचं जाहीर केलं, आणि उत्खनन चालू असतानाही पक्षी तिथे मरत होते.

२०१८मध्ये वायूची मोजमापं प्रसिद्ध झाली. गुहेत कार्बन डायऑक्साइड ९१ टक्क्यांपर्यंत. हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे रात्री जमिनीलगत साचून राहतो, पहाटे सर्वांत घातक असतो, आणि ऊन वर आलं की पांगतो. बैलाची मान खाली, नाकपुड्या वायूच्या थरात. पुजारी उभा, त्याचं डोकं थराच्या वर, शिवाय कुठल्या वेळी आत जायचं हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत. बाहेर पायऱ्यांवर बसून लोक हे बघत.

आपल्याकडे गाळ काढायला पडक्या विहिरीत उतरलेली माणसं गुदमरून गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. जुनी माणसं आधी कंदील सोडून बघायची, विझला तर उतरायचं नाही. शास्त्र तेच. माझ्या आजोळी अशी विहीर होती, म्हणून असेल, पण त्या दारासमोर उभी राहिले तेव्हा मला चमत्कार दिसला नाही. हवेची वेळ नेमकी ओळखणारी माणसं दिसली, आणि तो बिचारा बैल.

चांगला गाइड हे सगळं तिथे उभं राहून दाखवतो. पाटीवर चार ओळी असतात, त्यावरून काही उमगत नाही. तुर्कस्तानात परवानाधारक गाइडकडे सरकारी ओळखपत्र असतं. बुक करताना स्पष्ट विचारा की सोबत परवानाधारक गाइड आहे, की नुसता गाडीत माणसं मोजणारा.

आणखी एक, जे गाइडही बहुतेकदा वगळतात. मार्कस ऑरेलियस अम्मियानोस नावाच्या गिरणीवाल्याच्या शवपेटीवर पाणचक्कीवर चालणाऱ्या दगड कापायच्या करवतीचं शिल्प आहे, तिसऱ्या शतकातलं. चाकाच्या गोल फिरण्यातून करवतीची मागे-पुढे चाल काढणारा दांडा त्यात कोरलाय. अशा यंत्ररचनेचा हा जगातला सर्वांत जुना ज्ञात पुरावा. स्वतःच्या मरणावर माणसाने आपलं यंत्र कोरून ठेवावं! गाइडला मुद्दाम विचारा, कुठे आहे म्हणून.

---

मधुकाका (८ ऑक्टोबर, सकाळी ६:४५)

उत्तम चर्चा. आम्ही उभयता गेलो होतो तेव्हा अँटिक पूलमध्ये उतरलो होतो, त्याविषयी लिहितो. पाणी कोमट, साधारण ३६ अंश. तळाशी संगमरवरी खांब आडवे पडलेले आहेत, जुन्या भूकंपात कोसळलेले. त्यावर बसता येतं, पण शेवाळाने गुळगुळीत झालेत, उठताना आधार घ्यावा. वायूचे बारीक बुडबुडे अंगाला चिकटतात. तिकीट वेगळं, दर बदलत असतात, आणि पूल कधी कधी बंद असतो, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करावी. रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी चालू असणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं, आणि फार वेळ डुंबू नये. क्लिओपात्रा इथे पोहली असं सांगतात, त्याला पुरावा नाही. पण खांब खरे आहेत, तेवढं मला पुरलं.

---

पालेभाजी (८ ऑक्टोबर, सकाळी ११:१०)

आम्ही शुद्ध शाकाहारी. जेवणाचं काय?

---

अनघा_श्टुटगार्ट (८ ऑक्टोबर, दुपारी ४:२५)

पालेभाजी, काळजी नको. टूरचं जेवण बहुधा बुफे असतं: मसुरीचं सूप, बुलगुर, ऑलिव्ह तेलातली वांगी, सॅलड, दही, पाव. सूप मटणाच्या पाण्यात शिजवलंय का ते विचारून घ्या. पामुक्काले गावात गोझलेमे मिळतं, पालक किंवा बटाटा घालून तव्यावर भाजलेलं. सोबत आयरान, म्हणजे आपलं खारं ताक. पोट भरतं.

आता मूळ विषयावर. मी तर म्हणेन शक्य असेल तर एक दिवसाची सहल घेऊच नका. इझमिरहून देनिझलीला ट्रेन आहे, सेल्चुकवरून जाते, म्हणजे एफेससचे प्राचीन अवशेष बघून तसंच पुढे येता येतं. पामुक्काले गावात एक रात्र राहा. संध्याकाळी टूरच्या बस गेल्या की कडेवर निवांतपणा असतो, आणि मावळतीचं ऊन थेट कुंडांवर पडतं. दुपारच्या उन्हात पांढऱ्या चुन्यावरून एवढी तिरीप येते की गॉगलशिवाय डोळे उघडत नाहीत.

राहिलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी लाओदिकिया या प्राचीन शहराला जाच. दहा-एक किलोमीटरवर आहे आणि बहुतेक एकदिवसीय सहली ते वगळतात. तिथले मातीचे नळ बघा, आतून चुन्याच्या थराने जवळजवळ बुजलेले. काळा_कातळ यांनी सांगितलेली गोष्ट तिथे नळाच्या तोंडाशी दिसते. आणि तिथे संगमरवरावर कोरलेला पाणीवापराचा नियम सापडलाय, इ.स. ११४चा. पाणी चोरलं, नळ फोडला, सार्वजनिक पाणी खासगीत वळवलं, तर किती दंड, सगळं कोरलेलं. टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला हा लेख लगेच कळेल.

या खोऱ्याचा धंदाही तेव्हापासून तोच आहे. स्ट्रॅबोने लाओदिकियाच्या काळ्याभोर लोकरीची आणि हिएरापोलिसच्या पाण्यात लोकर उत्तम रंगते याची नोंद केलीय. हिएरापोलिसच्या कबरींवर रंगाऱ्यांच्या आणि गालिचे विणणाऱ्यांच्या संघांची नावं आहेत. आज देनिझली टॉवेल आणि सुती कापडासाठी प्रसिद्ध आहे. तेव्हा दुकानात थांबवलंच तर ऑनिक्सपेक्षा टॉवेल घ्या, ते खरंच तिथले असतात.

---

मृण्मयी_ठाणे (८ ऑक्टोबर, रात्री ९:३०)

सगळ्यांचे आभार. घरी बोलणं झालं. अनघाताईंचं पटतंय, पण आमचा अंताल्याचा मुक्काम ठरलेला आहे, रात्र वाढवता येणार नाही. म्हणून एकाच दिवसात, पण खासगी गाडी आणि परवानाधारक गाइड असं ठरवतोय, म्हणजे दुकानं टळतील. सासरे निवृत्त शिक्षक आहेत, त्यांना हा धागा वाचून दाखवला. त्यांना कुंडांपेक्षा झ्यूक्सिसची कबर आणि ती करवत बघायची आहे! तीन तासांत क्रम कसा लावू?

---

वाटाड्या (९ ऑक्टोबर, सकाळी ७:०५)

ताई, मग असं करा. सगळेच उत्तर दरवाजाने शिरा. सासरे आणि तुम्ही गाइडसोबत कबरींतून चालत फ्रॉन्टिनसच्या वेशीपर्यंत जा, पाऊण-एक तास सहज जाईल. सासूबाईंना बॅटरीच्या गाडीने थेट अँटिक पूलच्या सावलीत पाठवा, सोबत घरातलं कुणीतरी असू द्या. तिथे बसायला जागा आहे, चहा मिळतो. तुम्ही पोचलात की सगळे मिळून प्लुटोनियन बघा, ते अगदी जवळ आहे. थिएटरला चढ आहे, तिथे जाऊ शकतील त्यांनीच जावं. संग्रहालय जुन्या रोमन स्नानगृहातच आहे, आत गारवा असतो, पंधरा-वीस मिनिटं तरी काढा. शेवटचा अर्धा तास कुंडांच्या कडेवर, आणि गाडी दक्षिण दरवाजाशी बोलावून ठेवा.

अंताल्याहून पहाटे पाचला निघालात तर नऊच्या सुमारास आत असाल. मोठ्या बस बहुतेक त्यानंतर येतात. एप्रिलमध्ये पाऊस येऊ शकतो, ओल्या फरसबंदीवर सासऱ्यांना चांगल्या पकडीचे बूट घाला. काठी असेल तर तीही.

---

लेखवेडी (९ ऑक्टोबर, सकाळी ८:४०)

आणि गाइडला आदल्या दिवशीच कळवा की अम्मियानोसची शवपेटी बघायची आहे. ऐन वेळी विचारलं तर ‘वेळ नाही’ म्हणतात. काकांना नमस्कार सांगा, आणि परत आल्यावर त्यांनाच इथे लिहायला सांगा.